सीमाभागातील दुर्बल मुले आणि डिजिटल साधने

(आदिलाबाद परिसरातील शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाइल, टॅब, संगणक व दूरचित्रवाणी या साधनांचा दुर्बल मुलांच्या संगोपनासाठी आणि शिक्षणासाठी कसा उपयोग करून घ्यावा, हा आजचा विषय आहे. साधनांची यादी सांगणे सोपे आहे. परंतु प्रथम मुलांविषयी बोलावे आणि मग साधनांकडे वळावे, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो. ज्याला औषध द्यावयाचे त्याची प्रकृती आधी पाहावी लागते.

‘दुर्बल मुले’ या शब्दांनी आपल्या भागात कोण अभिप्रेत आहे? कोलाम पोडावरचे मूल, ज्याच्या घरात कोलामी बोलतात, ते एक. आईवडिलांबरोबर कापूस वेचणीला किंवा वीटभट्टीला जाणारे, आणि त्यामुळे वर्षातील काही महिने कोणत्याच शाळेत न दिसणारे मूल, हे दुसरे. आईवडिलांचे छत्र हरपलेले मूल, दिसण्याची वा ऐकण्याची अडचण असलेले मूल, लवकर लग्न उरकण्याच्या बेतात शाळा सुटलेली मुलगी, ही आणखी काही. यांत मी तेलंगणातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाचाही समावेश करतो. ते घरी उपाशी नसेल. परंतु त्याची भाषा एका राज्याची आणि त्याचे भवितव्य दुसऱ्या राज्याच्या हाती, अशी त्याची स्थिती आहे.

आपला भाग आणि त्याच्या भाषा

११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. कागदावर जिल्हे वेगळे झाले, पण लोकजीवन एकच राहिले. पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद आणि पलीकडे यवतमाळ. नदीच्या दोन्ही काठांवर कोलाम आहेत, गोंड आहेत, परधान आहेत, आंध आहेत आणि मराठी बोलणारे शेतकरी आहेत. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला मेश्राम कुळाचे लोक महाराष्ट्रातूनही येतात. लग्नसंबंध नदी ओलांडून होतात. शाळेचा दाखला मात्र नदीपाशी अडतो.

येथील मुलाच्या भाषांचा विचार करा. घरी गोंडी किंवा कोलामी, बाजारात मराठी, कचेरीत तेलुगू. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत तेलुगू शिकविणे टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाले. २०२२-२३ पासून तेथील शासकीय शाळांत इंग्रजी माध्यमही आणले गेले. सहा वर्षांच्या मुलाला चार भाषांच्या चार पायऱ्या चढावयाच्या आहेत, आणि पहिली पायरी, म्हणजे घरची भाषा, शाळेत बहुधा नसतेच. ते मूल वर्गात गप्प बसते. आपण त्याला मंद समजतो. वस्तुतः आपले बोलणेच त्याला कळत नसते.

मारलवाईचा धडा

ही अडचण आपल्या जिल्ह्याने ऐंशी वर्षांपूर्वी ओळखली होती. १९४० साली जोडेघाट येथे कोमुरम भीम यांचा अंत झाल्यानंतर निजाम सरकारला या डोंगरी भागातील असंतोषाची कारणे शोधण्याची गरज भासली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ येथे आले व गोंडांच्या मारलवाई गावी राहिले. १९४३ मध्ये गोंड शिक्षण योजना सुरू झाली आणि मारलवाई येथे गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले. मुलांसाठी पहिली वाचनपुस्तके गोंडी भाषेत केली गेली आणि त्यांची लिपी देवनागरी होती, कारण या भागात मराठीचा वावर होता. मूल आधी आपल्या बोलीत वाचावयास शिके आणि मग दुसऱ्या भाषेकडे वळे.

या कार्यात मराठी वाचकांना परिचित असलेले एक नाव आहे, सेतुमाधवराव पगडी यांचे. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना ते आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासींसाठी नेमलेले अधिकारी होते. त्यांनी गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या, त्यांच्या व्याकरणांवर लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांविषयी इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. अधिकाऱ्याने ज्यांचे काम करावयाचे त्यांची भाषा शिकावी, याचा याहून चांगला दाखला आपल्या भागात सापडणार नाही.

पुढे काय झाले? १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, शाळांत तेलुगू आली आणि गोंडी वाचनपुस्तके मागे पडली. २००४ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशाने मातृभाषाधारित बहुभाषिक शिक्षणाची योजना आठ आदिवासी भाषांत सुरू केली. तीत गोंडी व कोलामी होत्या. या वेळी पुस्तके तेलुगू लिपीत होती. म्हणजे एका पिढीला देवनागरीतून गोंडी शिकविली, दुसरीला शिकविलीच नाही आणि तिसरीला तेलुगू लिपीतून शिकविली. आजोबांचे पुस्तक नातवाला वाचता येऊ नये, अशी ही स्थिती आहे. साधन उत्तम असले तरी त्यामागे सातत्य नसेल तर ते टिकत नाही, हा मारलवाईचा धडा आहे. डिजिटल साधनांनाही तोच लागू पडतो.

नभोवाणीपासून मोबाइलपर्यंत

यंत्राच्या साहाय्याने खेड्यातील मुलांना शिकविण्याचे प्रयोग आपल्या देशात नवे नाहीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. आंध्र प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले आणि सकाळच्या वेळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम दाखविले गेले. उपग्रह अमेरिकेचा होता. वर्षाची मुदत संपली आणि तो परत गेला. १९८६ मध्ये आदिलाबादला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषा नभोवाणीवर ऐकू येऊ लागली. ज्या घरी अक्षर नव्हते त्या घरी आपल्या बोलीतला आवाज पोहोचला, ही लहान गोष्ट नव्हे.

मग २०२० साल उजाडले. करोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या. तेलंगणाने १ सप्टेंबर २०२० पासून दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून व टी-सॅटवरून धडे सुरू केले. महाराष्ट्राने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हणून विविध मार्गांनी प्रयत्न केले. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविली गेली. या प्रयत्नांमागील तळमळ खरी होती. परंतु ज्या पोडावर वीज टिकत नाही, ज्या घरात एकच मोबाइल असून तो वडिलांबरोबर शेतात जातो, तेथील मुलापर्यंत हे धडे कसे पोहोचावेत? आणि पोहोचले तरी पडद्यावरील शिक्षक विचारतो, मूल उत्तर देते, आणि ते उत्तर ऐकणारे तेथे कोणी नसते. दुर्बल मुलाला पडद्यापलीकडील माणसापेक्षा शेजारी बसणाऱ्या माणसाची गरज अधिक असते, हे त्या दोन वर्षांनी आपणा सर्वांना शिकविले.

जगाचा अनुभव

इतर देशांनी काय अनुभवले तेही थोडक्यात पाहू. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने गरीब मुलांना लक्षावधी लहान संगणक वाटले. २०१२ मध्ये त्या योजनेचे परीक्षण प्रसिद्ध झाले. मुलांना संगणक हाताळता येऊ लागला होता, पण भाषा व गणित या विषयांत त्यांची प्रगती इतर मुलांपेक्षा अधिक झालेली आढळली नाही. यंत्रे दिली, ती घेऊन काय शिकवावयाचे आणि कोणी शिकवावयाचे हे ठरले नव्हते.

आता दिल्लीचे उदाहरण घ्या. तेथे शाळा सुटल्यानंतरच्या केंद्रांत मुलांना अशी संगणकप्रणाली दिली गेली की ती आधी मुलाला काय येते हे तपासी आणि तेथून पुढे शिकवी. सातवीतील मुलाला तिसरीचे गणित येत नसेल तर ती तिसरीपासून आरंभ करी. जोडीला लहान गटांत शिकविणारा माणूसही असे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या मुलांची गणितात व हिंदीत स्पष्ट प्रगती झाली.

तिसरे उदाहरण मला आपल्यासाठी सर्वांत मोलाचे वाटते. आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात २०२० मध्ये शाळा बंद असताना शिक्षकांनी साध्या मोबाइलवर पालकांना दर आठवड्याला गणिताचे संदेश पाठविले आणि थोडा वेळ फोन करून मूल व पालक यांच्याशी बोलले. पडदा नाही, इंटरनेट नाही. तरीही ज्यांना संदेशाबरोबर फोनही येत होता त्या मुलांच्या अंकज्ञानात चांगली भर पडली.

या तिन्हींचे तात्पर्य असे की, यंत्राची किंमत आणि शिक्षणाचा लाभ यांचा थेट संबंध नाही. मूल जेथे आहे तेथून शिकविणे आणि त्याच्याशी कोणीतरी नियमाने बोलणे, या दोन गोष्टी असल्या तर साधा फोनही उपयोगी पडतो. त्या नसल्या तर महागडा संगणक कपाटात पडून राहतो.

यंत्राला आपली बोली शिकविणे

आता मी अधिक आशादायक भागाकडे वळतो. नारनूर मंडलातील गुंजाला या गावी गोंडी भाषेची हस्तलिखिते एका स्वतंत्र लिपीत सापडली. २००६ च्या सुमारास हैदराबादच्या संशोधकांचे लक्ष तिकडे गेले. गावातील मोजक्या वृद्धांनाच ती लिपी वाचता येत होती. त्यांच्याकडून ती शिकून घेतली गेली, मुलांना शिकविण्याचे प्रयत्न झाले, आणि जून २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने तिचा समावेश युनिकोडमध्ये झाला. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक. तो मिळाला की ते अक्षर कोणत्याही संगणकावर वा मोबाइलवर उमटू शकते. आपल्या जिल्ह्यातील एका खेड्याची लिपी आज जगाच्या यंत्रांत जाऊन बसली आहे, याचा आपणास अभिमान वाटला पाहिजे.

दुसरे उदाहरण एका शिक्षकाचे. आदिलाबाद जिल्ह्यातील शासकीय शाळेचे शिक्षक थोडसम कैलास यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वापर करून कोलामी भाषेत गीत तयार केले आणि इतर भाषांतही असा प्रयत्न चालविला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या कार्यक्रमात त्याचा उल्लेख केला. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे तीस लाख, तर कोलामी बोलणाऱ्यांची सव्वा लाखाच्या आसपास नोंदली गेली. एवढ्या थोड्या लोकांसाठी कोणती कंपनी आपण होऊन पुस्तक किंवा प्रणाली काढील? व्यापाराच्या गणितात कोलामी मूल बसत नाही. ते काम शिक्षकाने हाती घेतले म्हणूनच झाले.

शासनही या दिशेने पावले टाकीत आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ ही भाषांतर करणारी प्रणाली प्रायोगिक स्वरूपात खुली केली. आरंभीच्या भाषांत गोंडी आहे. मात्र ती छत्तीसगडकडील गोंडी आहे. आदिलाबादची गोंडी बोलण्यात काही वेगळी पडते. यास्तव यंत्राने केलेले भाषांतर मुलांपुढे ठेवण्यापूर्वी गावातील जाणत्या स्त्रीपुरुषांना ऐकवून तपासून घेतले पाहिजे. चुकीची बोली पुस्तकात गेली तर मुलाला वाटेल की पुस्तक खरे आणि आजी चूक. तसे होऊ देणे हा मोठा अन्याय ठरेल.

वाचनासाठी मोफत साहित्यही उपलब्ध आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात मराठी, तेलुगू तसेच गोंडी भाषेतही बालकथा आहेत. त्या विनामूल्य उतरवून घेता येतात, छापता येतात आणि नव्या भाषेत भाषांतरितही करता येतात. तेथील एखादी कथा चित्रांसह घेऊन गावातील आजीने ती कोलामीत सांगावी, मोबाइलवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि अंगणवाडीत मुलांना ऐकवावा. यासाठी कोणत्याही मंजुरीची फाइल फिरवावी लागत नाही.

सीमा ओलांडणारे मूल हरवू नये

शिकविण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे मुलाचा माग ठेवणे. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडल यांच्यामधील परमडोली, मुकादमगुडा इत्यादी गावांचा दोन राज्यांतील वाद आपणास ठाऊक आहे. तेथे मराठी शाळाही आहेत आणि तेलुगू शाळाही. दोन राज्ये दोन्हीकडून शाळा देतात हे एका अर्थी मुलांचे भाग्य म्हणावयाचे. परंतु ज्या भागात हजेरीपट दोन असतात तेथे एखादे मूल दोन्ही पटांवर असते आणि प्रत्यक्षात कोठेच नसते, असे घडू शकते. कापसाच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या मुलांचेही तेच.

येथे डिजिटल नोंदीचा खरा उपयोग आहे. मूल गावातून निघाले की त्याची नोंद पुढच्या गावच्या शाळेला मिळावी, ही अपेक्षा मोठी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील पाचवे कलम असे सांगते की, मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत जावयाचे असल्यास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा आणि दाखला येण्यास विलंब झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश नाकारू नये. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुख्याध्यापकांनी परस्परांचे दूरध्वनी क्रमांक ठेवले आणि मूल निघाले की एक संदेश पाठविला, तरी निम्मे काम होईल. संगणकीय नोंद चुकली म्हणून मुलाला परत पाठविणे मात्र कदापि होता कामा नये. नोंद मुलासाठी आहे. मूल नोंदीसाठी नाही.

पाठ्यपुस्तकांचा प्रश्नही असाच आहे. बालभारतीची मराठी पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात आणि त्यांतील क्यूआर संकेत मोबाइलने टिपला की धड्याशी संबंधित साहित्य उघडते. या पद्धतीचा आरंभीचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला. त्यांच्या शाळेतील अनेक मुले घरी कन्नड बोलत. ती अडचण ओळखून त्यांनी पाठ्यसाहित्य मुलांच्या भाषेत आणले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. परितेवाडीत कन्नडचे जे, तेच आपल्याकडे कोलामीचे आणि गोंडीचे.

दिव्यांग मुले

दृष्टिहीन मुलाला यंत्राचा जितका आधार होऊ शकतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला होत असेल. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणाली आता मराठीतही चालतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ग्रंथालयात दृष्टिहीनांना वापरता येतील अशी पुस्तके अनेक भारतीय भाषांत आहेत. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषेतील चित्रफिती उपलब्ध आहेत. अडचण साधनाची नसून माहितीची आहे. आपल्या केंद्रातील अशा प्रत्येक मुलाची यादी करून त्याला यांपैकी काय उपयोगी पडेल, हे शिक्षकाने पाहिले तर वर्षभरात फरक दिसेल.

धोके

साधनाचे गुण सांगताना दोष झाकून ठेवणे योग्य नव्हे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षे वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. मागील आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केला असे सांगणारी मुले ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी केला असे सांगणारी ७६ टक्के. म्हणजे फोन पोहोचला आहे, पण अभ्यासाआधी इतर गोष्टी पोहोचल्या आहेत.

दुर्बल मुलाला येथे धोका अधिक असतो. ज्याच्या घरी विचारणारे कोणी नाही, त्याच्याशी गोड बोलणारा अनोळखी माणूस लवकर जवळ येतो. मुलींची छायाचित्रे मिळवून धमकावण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी मुलीचा फोन काढून घेणे आणि तिची शाळा बंद करणे हा उपाय नव्हे. त्यामुळे पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. तो मोफत आहे आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच आहे. संगणकीय फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

आणखी एक गोष्ट अधिकारी मित्रांना आवर्जून सांगावयाची आहे. अनाथ किंवा पीडित मुलाचे छायाचित्र, नाव, गाव यांसह मदतवाटपाची चित्रे मोबाइलवरून सर्वत्र पाठविली जातात. हेतू चांगला असतो. पण त्या मुलाला उद्या तोंड दाखवावयाचे असते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची खातरजमा होईल अशी संमती घेण्याची आणि मुलांवर पाळत ठेवणे वा त्यांना उद्देशून जाहिराती करणे टाळण्याची तरतूद केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या लेकराबद्दल जी काळजी आपण घेतो, तीच या मुलांबद्दल घेतली म्हणजे पुरे.

आपण काय करावे

आता प्रत्यक्ष कामाविषयी काही सूचना करतो. त्यांसाठी मोठा खर्च लागणार नाही.

शिक्षकांनी शाळेच्या आरंभी प्रत्येक मुलाची घरची भाषा कोणती याची नोंद करावी. जे मूल मागे आहे त्याला वर्गाच्या पुस्तकाऐवजी त्याला जेथपर्यंत येते तेथून शिकवावे. त्यासाठी टॅबचा उपयोग व्हावा. जे मूल चार दिवस दिसले नाही त्याच्या पालकांना आठवड्यातून एकदा फोन करावा. साधा फोन पुरेसा आहे.

इंटरनेट टिकत नाही तेथे साहित्य आधी उतरवून ठेवावे. ‘कोलिब्री’सारख्या विनामूल्य प्रणाली इंटरनेटशिवाय चालतात. तेही नसेल तर मेमरी कार्ड आणि लहान स्पीकर यांवर गोष्टी व गाणी ऐकविता येतात. कोलाम पोडावर मुले एकत्र बसून ऐकतील, तर एका यंत्रात वीस मुलांचे काम होईल.

ग्रामपंचायतींनी संध्याकाळी दोन तास समाजमंदिरात वीज, जागा आणि एका जबाबदार माणसाची देखरेख द्यावी. हा माणूस शक्यतो गावातील शिकलेली मुलगी असावी. मुलींना तेथे पाठविण्यास पालक मग कचरणार नाहीत. तिला योग्य मानधन मिळावे. फुकटची सेवा फार दिवस टिकत नाही.

दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसून सीमेवरील मुलांच्या याद्या ताडून पाहाव्यात. त्यासाठी नवी जागा शोधण्याचे कारण नाही. केस्लापूरच्या जत्रेत हायमेनडॉर्फ यांच्या काळापासून दरबार भरतो आणि लोक तेथे आपली गाऱ्हाणी अधिकाऱ्यांपुढे मांडतात. जमीन, रस्ता, पाणी यांच्याबरोबर शाळेबाहेर राहिलेल्या मुलांची यादीही तेथे वाचली जावी.

शेवटी मराठी माध्यमाच्या मुलांविषयी. भारतीय संविधानाच्या ३५०-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगितले आहे. ती सोय मागणे हा आपला हक्क आहे. त्याचबरोबर तेलुगू उत्तम येणे ही त्या मुलाची गरज आहे. दोन भाषांतील ध्वनिमुद्रित गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर मूल एकीच्या आधाराने दुसरी शिकते. आणि जो हक्क आपण मराठीसाठी मागतो, तोच कोलामी मुलाने कोलामीसाठी मागितला तर आपण त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. एरवी आपल्या मागणीला नैतिक बळ राहणार नाही.

मित्रहो, १९४३ मध्ये मारलवाईला वीज नव्हती, पक्का रस्ता नव्हता. होती ती मुलाच्या भाषेत लिहिलेली लहानशी पुस्तके आणि त्याच्याच समाजातील शिक्षक. आज आपल्या खिशात असे यंत्र आहे की ज्यात हजारो पुस्तके आणि हजारो आवाज मावतात. त्या वेळी साधन तोकडे असूनही आरंभ करण्याचे धैर्य दाखविले गेले. आता साधन विपुल असताना आपण आरंभ केला नाही, तर दोष साधनांना देता येणार नाही. शाळेच्या नव्या वर्षात आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावातील निदान एका अशा मुलाचे नाव मनाशी धरावे आणि वर्षअखेरीस ते मूल शाळेत आहे की नाही हे स्वतः पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.